रात्रपाळीचा काउंट

क्लीव्हलंड, १८ ऑक्टोबर १९६२

प्रिय लेहेल,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मेपलच्या पाकाची बाटली न फुटता पोहोचली. शारीला सांग, झाकणावर तिने ओतलेल्या मेणामुळे ती वाचली. इथे सगळं नेहमीसारखं आहे. चार दिवसांपासून हवा गार झाली आहे. बकाय रोडवरच्या बेकरीत खसखशीचे रोल आले आहेत आणि माझा डावा बूट गळतो.

तू लिहिलंस, की काता आणि बेंचे शाळेतून आल्यापासून 'रात्रपाळीचा काउंट' वाजवतात, आणि शारीने शेवटी ग्रामोफोनची सुई काढून पिठाच्या डब्यात लपवली. हे गाणं खरंच आमच्या स्टुडिओत झालं का, आणि त्यात मी काय केलं, असंही विचारलंस. झालं आमच्याकडेच. काय केलं ते सांगते.

हे गाणं ट्वीडीसाहेबांच्या डोक्यातून निघालं. स्टुडिओ त्यांचा आहे. हॅलोवीनला मुलं भुतांची सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागतात, मग त्यांचं असं एक गाणं हवं, एवढाच त्यांचा विचार. गायला डर्वुड पाइक. हा एरवी टीव्हीवर हवामान सांगतो. गाण्यातला काउंट म्हणजे एक सरदार, रक्तपिपासू पिशाच्च. जुन्या देशातला किल्ला जातो आणि तो क्लीव्हलंडला येतो. दिवसभर शवपेटीत झोपायची सवय असल्यामुळे त्याला पोलादाच्या कारखान्यात रात्रपाळी मिळते. तो डबा आणत नाही, जेवणाची सुट्टी घेत नाही, म्हणून मुकादम त्याच्यावर खूश. गादीला कधी सुरकुतीच पडत नाही, म्हणून घरमालकीण त्याच्यावर संशय घेते. सगळं दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांत.

आवाजांचं काम माझं. वटवाघळं म्हणजे माझे कातडी हातमोजे, एकमेकांवर झटकलेले. लांडगा म्हणजे ट्वीडीसाहेबांचा कुत्रा. तो जेमतेम वीतभर उंचीचा आहे आणि सॉसेज दाखवून हिसकावल्याशिवाय ओरडत नाही. पेटीचं झाकण म्हणजे बायकांच्या संडासाचं दार. फरशी आणि उंच छत यांमुळे तिथे घुमणारा आवाज फार चांगला मिळतो, म्हणून ध्वनिक्षेपक आणि माइक तिथेच ठेवले होते. त्या मजल्यावर बाई मी एकटीच. म्हणजे ध्वनिमुद्रण चालू असेपर्यंत मला तिथे जायची सोय नव्हती. सात तास.

तिसऱ्या कडव्यात मुलं दार ठोठावतात, संगीत थांबतं आणि काउंट दार उघडून बोलतो, ते तुझ्या मुलांना पाठच असेल. ते वाक्य डर्वुडने एकवीस वेळा वेगवेगळ्या शब्दांत म्हणून पाहिलं. एकदाही कोणी हसलं नाही. शेवटी दुसऱ्याचा आवाज वापरला. माझ्या कपाटात एक जुनी टेप होती.

अपा फोनवर नातवंडांशी बोलत का नाहीत, असं विचारलं आहेस. घसा बसला आहे. काळजीचं कारण नाही. नागरिकत्वाची मुलाखत तेरा नोव्हेंबरला, मंगळवारी आहे. प्रश्न त्यांना पाठ आहेत. न्यायालयं, सिनेटर, कोण किती वर्षं निवडून येतो, सगळं. फक्त ते तोंडाने म्हणायचं आहे.

मुलांना पापा.

एनिको

◆

क्लीव्हलंड, २ नोव्हेंबर १९६२

प्रिय लेहेल,

तुम्ही सगळे बरे असाल. इथली भीतीही ओसरली आहे. क्यूबाच्या बातम्यांच्या त्या आठवड्यात रेडिओवाले दोन बातमीपत्रांच्या मधे काउंटच लावत होते. लोकांना हसायला काहीतरी हवं होतं. मी सलग तीन दिवस दर तासाला ते ऐकलं.

अपांचा घसा बसलेला नाही. मागच्या पत्रात मी ते खोटं लिहिलं.

सप्टेंबरच्या शेवटापासून अपा इंग्रजी बोलत नाहीत. कारखान्यात खिडकीपाशी उभं राहून हत्यारं द्यायची, हे त्यांचं काम. मागणारा म्हणतो, 'अर्ध्या इंचाचा पाना', आणि पूर्वी अपा म्हणायचे, 'घ्या महाशय, संध्याकाळी परत करा.' आता ते पाना ठेवतात आणि वहीकडे बोट दाखवतात. कारण गाणं आल्यापासून या शहरात हंगेरियन ढंगाने बोलणारा प्रत्येक माणूस काउंट झाला आहे. खाटीक काउंट, न्हावी काउंट, आपल्या चर्चचा घंटा वाजवणारासुद्धा. बाकीचे दात विचकून दाखवतात आणि विषय संपतो. अपा गप्प झाले.

हॅलोवीनला मी त्यांच्याकडे गेले. साडेपाचला पोरं यायला लागली. अपा कोट घालून, टाय लावून, गोळ्यांचं भांडं घेऊन दारात उभे. निम्मी पोरं काउंट होती, पुठ्ठ्याचे दात लावून. एकाने दारात उभं राहून काउंटचं वाक्य म्हटलं, मग सगळ्यांनी म्हटलं. मागे त्यांची आई होती, समोरच्या घरातली मिसेस डगन.

ती म्हणाली, "मिस्टर वामोशी, एकदा तुम्ही म्हणा ना! तुमच्या तोंडी काय शोभेल! अगदी अस्सल!"

अपांनी तिच्या हातावर एक गोळी ठेवली.

"अगंबाई, मलाही?" ती हसली. "बोलत का नाही हो? रागावलात?"

मी म्हटलं, "त्यांचा घसा बसलाय." हे खोटं मी आता सराईतपणे बोलते.

काल सर्व संतांचा दिवस. आई गेल्यानंतरचा हा पहिलाच, म्हणून अपा आणि मी आन्याच्या थडग्यावर गेलो. शेवंती आणि चार मेणबत्त्या नेल्या. वाऱ्याने दोन विझल्या, त्या अपांनी कोटाच्या आडोशाने पुन्हा लावल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"एनिको, ते लोक कशाला हसतात?"

"कोणते लोक?"

"कोणते ते तुला माहीत आहे. गाण्यातलं ते वाक्य. 'हळू बोला. माझा बायको झोपला आहे. त्याला उठवू नका.' यात विनोद कुठे आहे? रक्तपिपासूची बायको दिवसा झोपणारच."

तुझी मुलं इंग्रजीत वाढतायत, त्यांना तुला समजवावं लागेल, की आपल्या भाषेत 'तो' आणि 'ती' निराळे नाहीत. दोघांना एकच शब्द. मी अपांना सांगितलं, की काउंट बायकोला 'तो' म्हणतो, म्हणून लोक हसतात.

ते म्हणाले, "इंग्रजीत दोन शब्द आहेत, ते मला माहीत आहे. मी शिक्षक होतो, पुस्तक वाचलंय. मी बरोबरच बोलतो."

मी वाकून शेवंती नीट लावली.

"बोलत नाही का मी बरोबर?"

"तुम्ही सगळ्यांना 'तो' म्हणता, अपा."

"सगळ्यांना?"

"मलाही. 'माझा मुलगी, तो मशीनवर काम करतो.'"

"आणि तुझ्या आईला? एतेल्काला?"

"तिलाही."

त्यांनी मेणबत्त्या सरळ केल्या. त्या सरळच होत्या.

"डॉक्टरांना मी काय म्हणालो होतो? शेवटच्या आठवड्यात?"

"'तो रात्रभर झोपला नाही. त्याला फार दुखतं.'"

"डॉक्टर हसले?"

"नाही. त्यांनी खाली पाहिलं."

"म्हणजे हसले." मग, "आणि दफनाचे कागद करणाऱ्या माणसाला?"

"त्याने दोनदा विचारलं, मृत पुरुष की स्त्री."

"ते माझं ऐकू येत नव्हतं म्हणून विचारतोय, असं मला वाटलं होतं." त्यांनी बोटांवरचं मेण खरवडलं. "या देशात सहा वर्षं झाली. तू शेजारी उभी असायचीस. एकदा तरी सांगायचंस."

"सवय झाली होती," मी म्हटलं.

हे अर्धंच उत्तर आहे. मला ते आवडायचं. बाहेर मी इतकं मोजूनमापून इंग्रजी बोलते, की मी कुठली हे कोणी ओळखत नाही. घरी आल्यावर कोणीतरी मला 'तो' म्हणत असे. मला ते दुरुस्त करायचं नव्हतं.

परतताना बसमध्ये ते म्हणाले, "तेरा तारखेला तो अधिकारी बायकोबद्दल विचारणार. अर्जात लिहिलंय. मी तोंड उघडलं आणि तो हसला, तर मी उठून येईन. चालेल, नागरिक नाही झालो तरी."

इथवर सगळं नीट लिहिलं. आता जे पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं ते.

तो आवाज अपांचा आहे.

त्यांची नक्कल नाही. त्यांचाच. मागच्या वर्षी हॅलोवीनला नवा माइक तपासायला मी घरी नेला होता आणि यंत्र ओट्यावर चालू ठेवलं होतं. आन्या मागच्या खोलीत होती. तिचे नऊ दिवस उरले होते. पोरं दारात आली, गलका झाला, आणि अपा दार उघडून त्यांना म्हणाले, 'हळू बोला. माझा बायको झोपला आहे. त्याला उठवू नका.'

ती टेप मी कपाटात ठेवली होती. जुलैत डर्वुडचे एकवीस प्रयत्न फसल्यावर ट्वीडीसाहेब वैतागून म्हणाले, "अरे, या गावात खरं बोलणारा एक माणूस मिळत नाही का?" मी कपाट उघडलं. मूळ टेपची नक्कल केली, तेवढं वाक्य कापलं. यंत्राच्या मोटरला साठऐवजी पन्नास आवर्तनांची वीज दिली, म्हणजे आपल्या बुडापेश्टमध्ये असते तशी. वेग सहाव्या हिश्शाने उतरला, आवाज जड झाला. मग संडासातून घुमवला. पहिल्यांदा वाजवल्यावर सगळे इतके हसले, की डर्वुड खुर्चीवरून उठून भिंतीला टेकला. कोणाचा आवाज, असं विचारलं. मी म्हटलं, एका ओळखीच्या माणसाचा.

लेहेल, मीही हसले. उगाच इतरांना साथ म्हणून नव्हे. मला ते विनोदी वाटलं.

अपांनी आवाज ओळखलेला नाही. स्वतःचा आवाज माणसाला सहसा ओळखता येत नाही, आणि हा तर उतरवलेला. कोणाला कळणार नाही, याची मी तांत्रिकदृष्ट्या खात्री करून घेतली होती.

काय करायचं ते लिही.

एनिको

◆

क्लीव्हलंड, १६ नोव्हेंबर १९६२

प्रिय लेहेल,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. 'तू सांग. रविवारपर्यंत. नाहीतर मी फोन करतो.' चौथी ओळ मी इथे उतरवत नाही. ती योग्य होती.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सांगितलं. यंत्राचं वजन सव्वीस पौंड आहे. बसमधून मांडीवर धरून नेलं. त्यांना वाटलं, मुलाखतीच्या सरावासाठी आणलं. त्यांनी टेबलावरची भांडी स्वतः उचलली, पुसून जागा करून दिली, आणि प्रश्नांची वही घेऊन बसले.

मी म्हटलं, "अपा, गाण्यातला काउंट तुम्ही आहात." आणि कसं केलं ते सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमाने. ते ऐकत होते. मधे एकदाच म्हणाले, "पन्नास आवर्तनं?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "हं."

मग मी मूळ टेप लावली, तिच्या खऱ्या वेगाने.

तुला एक गोष्ट दोन्ही पत्रांत लिहिली नाही. त्या वाक्यापाशी टेप संपत नाही. अपा म्हणतात, 'त्याला उठवू नका.' मग सव्वा सेकंद काही नाही. मग मागच्या खोलीतून आन्या, आपल्या भाषेत, मोठ्याने, अगदी ठणठणीत: "मी झोपले नाहीये, काल्मान! आणि कंजूषपणा करू नकोस, दोन-दोन दे त्यांना!"

मी कात्री त्या सव्वा सेकंदात चालवली होती.

अपा हसले. त्यांना हसूच आलं, जसं ती मधे बोलल्यावर यायचं, नाकातून. मग त्यांनी हात वर केला, म्हणजे थांबव.

"पुन्हा."

पुन्हा लावली. नऊ वेळा लावली. दहाव्या वेळी मी टेप मागे नेत होते, तेव्हा त्यांनी विचारलं,

"ही वर्षभर कुठे होती?"

"माझ्या कपाटात. स्टुडिओत."

"तू ऐकत होतीस?"

"हो."

"किती वेळा?"

मी सगळं मोजते, तुला माहीत आहे. हे मोजलं नव्हतं. तसंच सांगितलं. सुरुवातीला रोज जेवणाच्या सुट्टीत ऐकायचे. मग रोज ऐकून ऐकून त्यात मला यंत्राची खरखर आणि दाराचा कर्कश आवाजच ऐकू यायला लागला, म्हणून जुलैत ती वापरताना हात थांबला नाही. आणि वापरल्यावर ती घरी आणणं शक्य नव्हतं. त्यांनी ऐकली असती तर वाक्य ओळखलं असतं.

ते म्हणाले, "मी तिचा आवाज विसरत चाललो होतो. मार्चपासून. चेहरा येतो, आवाज येत नाही. तुला विचारणार होतो, तुला आठवतो का. मग वाटलं, जाऊ दे, पोरीला कशाला रडवा."

गाण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. एक शब्दही नाही. मी तयारी केली होती ती गाण्यावरच्या रागाची होती.

थोड्या वेळाने त्यांनी वही उघडली आणि म्हणाले, "बायकोबद्दलचा प्रश्न विचार." मी इंग्रजीत विचारला. त्यांनी तो माझ्याकडून चाळीस वेळा विचारून घेतला. सहाव्या वेळेपर्यंत 'तो' येत होतं. सातव्यापासून आलं नाही.

मंगळवारी नऊ वाजता मी बाहेर बाकावर बसले होते. दार अर्धं उघडं होतं. अधिकारी तरुण होता, त्याला सर्दी झाली होती. त्याने विचारलं, "पत्नी?" अपा म्हणाले, "माझी पत्नी वारली. ती मागच्या नोव्हेंबरमध्ये वारली. तिचं नाव एतेल्का." पायऱ्या चढल्यासारखा एकेक शब्द. अधिकाऱ्याने मान हलवली, लिहून घेतलं. कोणी हसलं नाही. मग त्याने राष्ट्राध्यक्षांबद्दल विचारलं. अपांनी नाव सांगितलं आणि ठासून जोडलं, "ती वॉशिंग्टनला राहते." अधिकारी शिंकला की हसला, ते मला बाकावरून कळलं नाही. अपांनी नंतर ठामपणे सांगितलं, शिंकला.

पास झाले. शपथ जानेवारीत. तुला शक्य असेल तर ये.

आता ते बोलतात. कारखान्यात बोलतात, बसमध्ये ड्रायव्हरशी बोलतात. मिसेस डगन त्यांना परवा 'काउंट' म्हणाली, तर म्हणाले, "बाई, मी भूगोलाचा शिक्षक आहे." यंत्र त्यांनी ठेवून घेतलं आहे. टेप कशी चढवायची ते मी दाखवलं, त्यांनी चार पायऱ्यांत कागदावर लिहून घेतलं. ट्वीडीसाहेबांना मी कालच सगळं सांगितलं. ते म्हणाले, वाक्य काढलं तर गाण्यात उरतं काय? मी म्हटलं, एक कुत्रा आणि हातमोजे. पुढच्या आवृत्तीत ते वाक्य नसेल, असं त्यांनी माझ्यासमोर लिहून दिलं आहे. आतापर्यंत विकल्या गेलेल्या तबकड्यांचं काही करता येत नाही. तुझ्या घरातली एक आहे. तिचं काय करायचं ते तू ठरव. मुलांना तो आवाज कोणाचा ते सांगायचं की नाही, तेही.

आणि एक. मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाते, पण रविवारपासून अपा माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलतात. रागाने नाही, आवाजही चढवत नाहीत. 'शुभ संध्याकाळ.' 'मीठ दे, कृपा करून.' 'बाहेर थंडी आहे, टोपी घाल.' अधिकाऱ्याशी बोलले तसं. आपल्या भाषेत ते आता फक्त शेजारच्या खोलीत बोलतात, यंत्र लावून, तिच्याशी. दार ओढलेलं असतं. मला शब्द कळत नाहीत, चढउतार ऐकू येतात.

काल संध्याकाळी पोस्टमन आला होता. त्याने विचारलं, ही कोण? अपा म्हणाले, "ही माझी मुलगी. ती ध्वनीचं काम करते. ती फार अचूक आहे." तीन वाक्यं, एकही चूक नाही. पोस्टमन म्हणाला, "वा, मिस्टर वामोशी, काय सुधारलंय तुमचं इंग्रजी!" अपांनी माझ्याकडे पाहिलं. दुरुस्त झालेला माणूस दुरुस्त करणाऱ्याकडे पाहतो तसं.

तू येशील तेव्हा त्यांच्याशी आपल्या भाषेत बोल. मी बाहेर पॅसेजमध्ये बसेन. आणि बोलता बोलता माझा विषय निघाला, आणि चुकून त्यांच्या तोंडून कधी इंग्रजीत माझ्याबद्दल 'तो' निघालं, तर त्यांना दुरुस्त करू नकोस. मला येऊन सांग.

तुझी बहीण,
जिला त्या घरात आता बरोबर 'ती' म्हणतात,

एनिको